मदत हवी आहे: 500 चौरस फुटांच्या आतला फ्लॅट, तरी सोसायटीच्या बिलात मालमत्ता कर

मुंबईत उपनगरात राहतो. करारनाम्याप्रमाणे फ्लॅटचं कार्पेट क्षेत्रफळ 437 चौ. फूट, वापर फक्त राहण्यासाठी, शेजारचा फ्लॅट जोडलेला नाही, भाडेकरू नाही. 1 जानेवारी 2022 पासून मुंबईत 500 चौ. फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. तरीही मासिक देखभाल बिलात 'मनपा कर' ही ओळ दिमाखात येतेच.

अडचण अशी: इमारतीचं बिल सोसायटीच्या नावाने एकच येतं. खाली दुकानं आहेत, काही फ्लॅट 800 फुटांच्या वर आहेत. खजिनदार एकूण रक्कम सगळ्यांत सारखी वाटतात. आदर्श उपविधीनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) सेवाशुल्क समान वाटायचं, पण मालमत्ता कर महापालिकेने ज्या फ्लॅटला जितका लावला तितकाच घ्यायचा, असं माझं वाचन आहे. सचिवांना लेखी पत्र दिलंय, पोच आहे, उत्तर नाही. बिलाची प्रत मागितली तर फक्त पहिलं पान दाखवलं. सर्वसाधारण सभेत 'पूर्वीपासून असंच चालतं' यावर विषय संपला.

पैसे थांबवायचे नाहीत, उगाच थकबाकीदार ठरायचं नाही. वकील शेवटी. अॅपवर बिल बघा असं सुचवू नका, तिथेही एकत्रितच रक्कम दिसते.

कुणी हे केलंय का? फ्लॅटवार कर आकारणीचा उतारा एकट्या सभासदाला वॉर्डच्या करनिर्धारण खात्यातून मिळतो का, की अर्ज सोसायटीच्याच लेटरहेडवर लागतो? आणि 2022 पासून जास्त घेतलेली रक्कम पुढच्या बिलांत वळती करून घ्यायला आधी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जावं की थेट सहकार न्यायालयात?