मदत हवी आहे : लाकडी नंदीचे मऊ रंगांतले आयकॉन लहान केले की मातकट होतात

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहिते आहे.

आमच्या गल्लीतली पोरं तान्ह्या पोळ्याला आपापले लाकडी नंदी सजवून घरोघर फिरतात, बोजारा (खाऊ-पैसे) गोळा करतात. गेल्या वर्षी मी अकरा नंदींचे फोटो काढले आणि प्रत्येकाला त्याच्याच नंदीचा व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर करून देईन असं कबूल केलं. पोरं विसरलेली नाहीत, रोज विचारतात.

स्टिकर 512 बाय 512 पिक्सेलचा आणि 100 केबीच्या आत हवा. संचाचं छोटं चित्र 96 बाय 96. मला ते दुधात रंग कालवल्यासारखे हवेत. झूल गुलाबी, शिंगांची बेगड चमकती, पण कुठेच भडक नाही.

फोटो सुधारायला गिंप 2.10 हे सॉफ्टवेअर वापरते. मोबाइलच्या फोटोतून 3000 बाय 3000 चा चौकोन कापते, लेयरची (चित्राच्या थराची) प्रत काढून तिला 12 पिक्सेलचा गॉशियन ब्लर देते म्हणजे धूसर करते, आणि ती मूळ चित्रावर सॉफ्ट लाइट मोडने मिसळते. मोठ्या चित्रात सुरेख दिसतं. 96 वर आणलं की मऊपणा गायब. ब्लर 60 केला तर डोळे, बाशिंग सगळं एकच लगदा. लाल गोंडे तर कडेने फुटतात. शिवाय चार फोटो पिवळ्या ताडपत्रीखाली काढलेत, त्यांत पांढरा नंदीसुद्धा हळदीचा वाटतो.

कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
ताई, क्रम उलटा झालाय. 3000 चं 96 म्हणजे जवळपास एकतीस पट लहान. तुमचा 12 चा ब्लर तिथे अर्धा पिक्सेलही उरत नाही. आधी चित्र हव्या त्या मापावर आणा, मग तिथेच बघत बघत थोडा ब्लर द्या.

आणि सॉफ्ट लाइटने उजेड-अंधारातला फरक वाढतो, तुम्हाला तर तो कमी हवाय. ब्लर केलेली प्रत उजळ करणाऱ्या स्क्रीन मोडवर, ओपॅसिटी (थराचा दाटपणा) 30 च्या आसपास ठेवा. मग लेव्हल्समध्ये (उजेड-अंधार जुळवायच्या खिडकीत) आउटपुटचं काळं टोक 0 वरून 25-30 पर्यंत आणा. सावल्या राखाडी होतात, दुधाळपणा तिथूनच येतो.

96 साठी अख्खा बैल नकोच. नुसतं तोंड आणि शिंगं कापून वेगळं चित्र करा.

प्रतिसाद २
गोंडे फुटतात म्हणजे जेपेगमध्ये सेव्ह करत असाल. त्यात बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने साठवली जाते. मोठ्या फोटोत कळत नाही, 96 पिक्सेलात लाल रंग लगेच शेजारी सांडतो. शेवटपर्यंत पीएनजीच ठेवा, स्टिकरला लागणारा वेबपी हा फाइल प्रकार अगदी शेवटी.

ताडपत्रीसाठी लेव्हल्समधला राखाडीचा ड्रॉपर घ्या आणि मुळात पांढऱ्या किंवा राखाडी असलेल्या जागी टिचकी मारा. पांढऱ्या नंदीचं कपाळ चालेल, फक्त फार चकाकणारी जागा घेऊ नका.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार, भाऊ! काल रात्री बसून सात केले. कपाळावर टिचकी मारली आणि हळद उतरली, मी तर ओरडलेच. गोंडेही आता गोंड्यासारखे दिसतात.

एक अडलंय. सगळ्यांत लहान पोराच्या नंदीला रंगच नाही, नुसतं सागवान, मागे मातीची भिंत. मऊ केला की भिंतीत विरून जातो. त्याचाच स्टिकर फिका दिला तर त्याला फार लागेल. त्याला रंगवावं का?

प्रतिसाद १
नंदीला हात लावू नका, ताई, तो पोराचा आहे तसाच राहू द्या. पाथ टूलने त्याची कड काढा, त्या कडेची निवड (सिलेक्शन) करा, मग निवड उलटी करा आणि भिंतीच्या जागी फिकट निळा भरा. सागवानाचा रंग केशरीकडे झुकतो, निळा त्याच्या समोरचा. नंदीला ब्लर देऊच नका, लाकडाच्या रेषा स्वच्छ राहू द्या.