मदत हवी आहे : सातेरी मधमाश्यांची वसाहत एका रात्रीत मेली, कारण कसं शोधायचं?

ठाण्यात घोडबंदर रोडला, येऊरच्या बाजूला, गच्चीवर सातेरी मधमाश्यांची एक पेटी आहे. परवा संध्याकाळपर्यंत ये-जा व्यवस्थित होती. सकाळी पाहिलं तर दारासमोर आणि तळफळीवर मेलेल्या कामकरी माश्यांचा खच. बऱ्याच जणींच्या सोंडा बाहेर आलेल्या. राणीही त्यातच सापडली.

पेटी उघडून पाहिली. मध आणि पराग भरपूर आहे, म्हणजे उपासमार नाही. पोळं सोडून गेल्या म्हणावं तर मढी इथेच पडली आहेत. मेणकिड्याची जाळी नाही, मुंग्या नाहीत. थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगात अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या होतात, तसं काही दिसलं नाही. बंद कोष उघडून पाहिले, आतल्या अळ्या पांढऱ्या आणि धड आहेत. साखरपाणी दिलेलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी शेजारच्या सोसायटीत डासांसाठी धूरफवारणी झाली. माझा संशय तिथेच आहे, पण औषध कुठलं होतं ते वॉचमनला सांगता येईना. पुराव्याशिवाय भांडायला जाण्यात अर्थ नाही.

थोड्या माश्या आणि पोळ्याचा तुकडा डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलाय. मुंबई-पुणे पट्ट्यात मेलेल्या माश्यांमधला कीटकनाशकाचा अंश खासगी माणसाला कोण तपासून देतं? पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत असे नमुने घेतात का? नमुना किती लागतो, न्यायचा कसा? आणि अहवाल येईपर्यंत ही पोळी नव्या वसाहतीला द्यावीत, की वितळवून टाकावीत?