मे महिन्यात ग्रँड कॅन्यन एका दिवसात उतरून परत वर, जमेल का? ग्रुप ९ जणांचा आहे

गुरुजीबाई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. मी अचलपूर तालुक्यातल्या एका खेड्यात झेडपीच्या शाळेवर शिकवते, वय ४३. भाऊ अमेरिकेत फिनिक्सला असतो, कधीचा ये ये करून राहिला होता, यंदा व्हिसा आला आणि तिकिटं निघाली, मे महिन्यात जाते. शाळा म्हटली की मोठी सुट्टी उन्हाळ्यातच त्यामुळे तारीख बदला असं कोणी सांगू नका, ते होणार नाही.

तर भावाच्या ऑफिसातल्या लोकांनी ग्रँड कॅन्यनचा (तिथली प्रचंड खोल दरी) प्लॅन केलाय, एकूण ९ जण. पहाटे ५ ला साऊथ कायबॅब नावाच्या वाटेने उतरायचं, ११ पर्यंत खाली कोलोरॅडो नदी, फँटम रँचवर (नदीजवळचा लॉज) लिंबू सरबत प्यायचं आणि ब्राइट एंजल वाटेने संध्याकाळी ६ पर्यंत वर. मुक्काम नाही. लीडर मॅरेथॉन पळणारा आहे, तो म्हणतो सोप्पं आहे. ग्रुपमध्ये माझी वहिनी आहे (बसून काम, चालण्याची सवय शून्य), एकाचे सासरे आहेत ६१ वर्षांचे, आणि मी. मी रोज शाळेत ३ किमी चालत जाते, उन्हाचं मला काही वाटत नाही, पण डावा गुडघा पायऱ्या उतरताना कुरकुरतो.

भावाला म्हटलं मला जरा धाकधूक वाटते, तर म्हणे ताई तू विदर्भातली आहेस, तुला कसलं ऊन. कोणी केलंय का हे? खरंच एवढं अवघड असतं की मीच घाबरून राहिली?

पऱ्हाटीवाला

कायले घाबरून रायल्या मॅडम. आमी मे महिन्यात ४५-४६ मंधी वावरात धसकटं येचतो, डोक्याले दुपट्टा बांधला की झालं. तिथचे लोक एसीतले, त्यायले जास्त वाटते. खिशात कांदा ठेवा अन् जा बिनधास्त. फोटो टाकजा.

दिग्रसचा_पाहुणा

पऱ्हाटीवाले भाऊ, राग मानू नका पण ताईंना या सल्ल्यावर पाठवू नका.

मी दिग्रसकडचा, नोकरीपायी काही वर्षं तिकडे होतो आणि नेमका हाच रूट केलाय, तोही ऑक्टोबरमध्ये, तरी हालत खराब झाली होती. आपल्या डोक्यात डोंगर म्हणजे आधी चढायचं, दमलो की मागे फिरायचं, उतार सोपा. इथे सगळं उलटं आहे. सकाळी ताजेतवाने असताना उतार लागतो, गप्पा मारत मारत कधी खाली गेलो कळत नाही, आणि पाय संपले, पाणी संपत आलं, ऊन डोक्यावर आलं की मग चढ सुरू. परत फिरायचा निर्णय घ्यायचा असतो तेव्हा आपण एकदम मजेत असतो, म्हणून तो कोणी घेतच नाही.

आकडे सांगतो. साऊथ कायबॅब जिथून सुरू होते ते साधारण २,२०० मीटरवर आहे आणि तिथून नदीपर्यंत जवळपास १,४५० मीटर उतार. आपला चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर. म्हणजे चिखलदऱ्यावरून थेट समुद्रापर्यंत उतरलात तरी तेवढं होत नाही! आणि जवळपास तेवढंच परत चढायचं. उतरायची वाट ११ किमी, चढायची १५ च्या वर, एकूण २६-२७ किमी. साऊथ कायबॅबवर वाटेत पाण्याचा थेंब नाही आणि सावलीही जवळपास नाहीच. ब्राइट एंजलवर वरून दीड मैलावरचं शेड, तीन मैलावरचं शेड आणि त्याखाली हवासुपाई गार्डन्स इथे नळ आहेत, पण ती पाइपलाइन जुनी आहे, अधूनमधून फुटते, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्कच्या साइटवर कुठला नळ चालू ते बघायचंच.

आता उन्हाचं. मे मध्ये वर कड्यावर दिवसाचं सरासरी तापमान २१ च्या आसपास असतं, पहाटे तर जॅकेट लागतं. खाली सरासरी ३३, जूनमध्ये ३८, जुलैमध्ये ४१. हे सावलीतलं, आणि काही दिवस याच्या पुष्कळ वर जातात. वरून बघणाऱ्याला वाटतं काय मस्त हवा आहे, आणि जसजसं उतरतो तसतसं भट्टीत शिरल्यासारखं होतं. आणि ताई, आपण विदर्भवाले ४६ सहन करतो म्हणजे नेमकं काय करतो ते आठवून बघा बरं. सकाळी ६ ला वावरात जातो, ११ ला घरी येतो, १२ ते ४ दार लोटून कूलरपुढे पडतो. भरदुपारी पाठीवर ७-८ किलोची बॅग घेऊन कोणी घाट चढत नाही. तिथली पार्क सर्व्हिसही हेच सांगते, उन्हाळ्यात १० ते ४ वाटेवर असू नका, आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा प्रयत्न करू नका, विशेषतः मे ते सप्टेंबर. तुमच्या लीडरच्या प्लॅनमध्ये अख्खा चढच १२ ते ६ मध्ये आहे.

आमचं काय झालं ते सांगतो. सहा जण होतो. खाली नदीवर पोचलो तेव्हा सगळे हिरो. पाणी बर्फासारखं गार असतं, ओढ जबरदस्त, त्यात उतरायच्या भानगडीत पडू नका. चढताना दोघं पुढे निघून गेले, "वर भेटू" म्हणून, आणि ओआरएस आणि खारे शेंगदाण्याची पिशवी त्यांच्याच बॅगेत. मागे आम्ही चौघं, त्यातल्या एकाचा गुडघा तीन मैलाच्या शेडच्या अलीकडे बसला. मोबाइलला रेंज नाही. मग काय, शंभर पावलं चालायचं, बसायचं, परत शंभर. त्याच्या काळ्या टीशर्टवर घामाचं मीठ असं वाळलं होतं की पाठीवर कोणी खडूने नकाशा काढलाय. अंधार पडल्यावर वर कड्यावरचे हॉटेलचे दिवे दिसायला लागले, तासभर चालावं आणि दिवे तिथेच. रात्री ९ ला बाहेर पडलो. पुढे गेलेले दोघं जेवून झोपले होते. त्यातल्या एकाशी मी अजून धड बोलत नाही, ते असो.

हवासुपाई गार्डन्सचं नाव आधी इंडियन गार्डन होतं, २०२२ मध्ये बदललं. तिथे राहणाऱ्या हवासुपाई लोकांना पार्क झाल्यावर हुसकावून लावलं होतं. ते वाचताना मला मेळघाटातली उठवलेली कोरकू गावं आठवली. विषयांतर झालं, सोडा.

सलाईनवाली

मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे ऊन लागलेले पेशंट रोज येतात म्हणून दोन गोष्टी लिहिते. कांद्याने काही होत नाही हो भाऊ, पोळीसोबत खा, चांगला लागतो.

ऊन लागलेल्याचा घाम बंदच होतो असं लोक धरून बसतात, पण चालून चालून, मेहनत करून ऊन लागलं तर घाम सुरू असतानाही माणूस कोसळतो. बरळायला लागला, झोकांड्या जायला लागल्या, चिडचिड करून "मला काही झालं नाही" म्हणायला लागला की थांबायचं, सावलीत न्यायचं, कपड्यांसकट ओला करायचा आणि वारा घालायचा. आधी थंड करा, बाकी सगळं नंतर. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि मदत मागवायची वाट बघू नका, एकाला लगेच पुढे पाठवा.

दुसरं म्हणजे नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकं दुखणं, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, आणि मग गोंधळल्यासारखं बोलणं. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणखी पाजतात, म्हणजे आगीत तेल. म्हणून खारट खात राहायचं, भूक नसली तरी. ६१ वर्षांच्या काकांना बीपीची गोळी सुरू असेल तर (काही गोळ्यांनी लघवी जास्त होते) आधी त्यांच्या डॉक्टरला विचारा, हे टाळू नका.

गुरुजीबाई

बाप रे. दिग्रसवाले दादा, तुमचं १२ ते ४ वालं वाचून मी हसले आणि मग गप्पच बसले, कारण खरंच मे मध्ये मी दुपारी अंगणातले कपडे काढायलाही चारनंतरच जाते. भावाला तुमचा मेसेज जसाच्या तसा पाठवला, अजून निळी टिक आलेली नाही.

समजा नदीपर्यंत नाही गेलो तर कुठपर्यंत गेलं म्हणजे गेल्यासारखं वाटेल? आणि मला दोन महिने आहेत, प्रॅक्टिस कुठे करू? आमच्याकडे सगळं सपाट.

घाटवळण

मॅडम सपाट कुठे, अर्ध्या पाऊण तासावर सातपुडा आहे की. मी धामणगाव गढीकडचा. आमचा घाट या कामाला एकदम फिट आहे, कारण तुम्हाला आधी उतरून मग चढायची सवय पाहिजे. रविवारी पहाटे गाडीने चिखलदऱ्याकडे वर या, घाटरस्त्याने पायी तासभर खाली उतरा आणि लगेच परत वर चढा. पुढच्या वेळी दीड तास. चढायला दुप्पट वेळ लागतो हे तुमच्याच घड्याळात दिसेल, भावाला सांगायला बरं पडेल. पाठीवर बॅगेत तुरीची डाळ ५ किलो, नंतर वाढवा. फक्त वळणांवर गाड्या बेफाम येतात, उजव्या बाजूने चाला. आणि पायवाटा धरून जंगलात शिरू नका, परवानगी लागते आणि अस्वल काही परवानगी विचारत नाही.

तो गुडघा कुरकुरतो म्हणता तर दोन काठ्या घ्याच, उतरताना गुडघ्यापेक्षा दंड दुखलेला परवडतो. बूट आत्ताच घेऊन मळवा. पायाची नखं बारीक कापा नाहीतर उतारावर बोटं पुढे आपटून आपटून जांभळी होतात, मला गाविलगडाच्या एका फेरीत दोन नखं गेली.

दिग्रसचा_पाहुणा

घाटवळण भाऊंचं बरोबर.

कुठपर्यंत जायचं म्हणाल तर ब्राइट एंजलनेच उतरा आणि तिनेच वर या, नळ त्याच वाटेवर आहेत. तीन मैलाचं शेड म्हणजे जाऊन येऊन साडेनऊ-दहा किमी आणि साधारण ६५० मीटरचा चढ, तुमच्या ग्रुपला त्यातच घाम फुटेल. काका आणि वहिनी दीड मैलावरून परत फिरले तरी काही बिघडत नाही. दृश्य म्हणाल तर कड्यापासून पहिल्या तासातच डोळे भरतात, खाली गेलं की उलट भिंतीच जास्त दिसतात.

ग्रुपसाठी माझे नियम, आपबीतीतून आलेले. सगळ्यात हळू चालणारा पुढे. प्रत्येकाकडे स्वतःचं पाणी, स्वतःचं खारं, स्वतःची बॅटरी. आणि परत फिरायची वेळ आदल्या रात्री ठरवायची, जागा नाही, वेळ. साडेसात म्हणजे साडेसात, मग समोर पन्नास पावलांवर शेड असलं तरी वळायचं. खेचरांची रांग आली तर दरीपासून लांब, डोंगराच्या बाजूला उभं राहा आणि हाकणारा सांगेल तसं करा, रस्ता त्यांचा. खारी लय हरामी आहेत, बॅगेची चेन उघडी दिसली की आत घुसतात, लाडाने खायला देऊ नका, चावतात.

दुपट्टा मात्र न्या. पऱ्हाटीवाले भाऊंची तेवढी गोष्ट शंभर टक्के खरी. नळावर भिजवायचा, डोक्यामानेवर टाकायचा, कोरड्या हवेत कूलरच आहे तो.

पऱ्हाटीवाला

चाला, एक तरी गोष्ट पास झाली आपली. खरं सांगू का, १२ वाजले की आमी बी निंबाखाली आडवे होतो. ते लिवाचं रायलं होतं.

गुरुजीबाई

अपडेट देते. भावाचा फोन आला होता, आधी तो चिडलाच, सगळ्यांसमोर प्लॅन कसा बदलू, लोक काय म्हणतील वगैरे. मी म्हटलं माझं नाव सांग, ताई भित्री आहे म्हण. मग वहिनीने फोन घेतला, बाल्कनीत गेली आणि हळूच म्हणाली, बरं झालं तुम्ही बोललात, मला पंधरा दिवसांपासून झोप नाही. काकांचंही तसंच निघालं म्हणे, जावयासमोर नाही कसं म्हणायचं म्हणून गप्प होते.

आता ठरलंय असं की सात जण तीन मैलाच्या शेडपर्यंत, साडेचारला उजाडायच्या आधी बॅटरी घेऊन निघायचं, साडेसातला वळायचं. मॅरेथॉनवाला आणि अजून एक जण नदीपर्यंतच अडून बसलेत. भाऊ म्हणतो त्यांना ऑक्टोबरमध्ये वेगळे जा म्हणून सांगतो, बघू ऐकतात का. सलाईनवाली ताई, काकांची गोळी विचारली, लघवीचीच निघाली, ते डॉक्टरकडे जाणार आहेत.

काल रविवारी घाटात गेले होते. उतरायला ५० मिनिटं, चढायला १ तास ४० मिनिटं, त्यात एकदा डाळीची पुडी फुटली आणि बॅगेत सगळी तूर डाळ, ती निवडत बसले वळणावर. पुढच्या रविवारी डबल पिशवीत भरणार.