वर्षाच्या बाळाची रात्रीची बाटली: भूक की सवय?

मध्यरात्रपाळी

वर्ष उलटलेल्या, वजन नीट वाढत असलेल्या बाळाला रात्री दुधाची गरज नसते. 'मोठं झालं की सुटेल आपोआप' म्हणत बाटली चालू ठेवू नये, ठरवून आठवड्याभरात बंद करावी, असं माझं ठाम मत आहे.

भूक वगैरे आपण आपल्या समाधानासाठी म्हणतो. रात्री अडीचला बाळ उठतं तेव्हा जरा नीट बघा. डोळे मिटलेलेच असतात. निपल तोंडात गेलं की चार घोट, मग नुसतं चोखणं, आणि बाटली अर्धी असतानाच मूठ सैल पडते. भुकेलं बाळ असं पीत नाही. झोपेची एक फेरी संपली की जराशी जाग सगळ्यांनाच येते. आपण कूस बदलून पुन्हा झोपतो, त्याला मात्र झोप लागताना तोंडात जे होतं तेच परत हवं असतं.

शिवाय रात्री दोन-दोन बाटल्या रिचवल्यावर सकाळी ते खाणार काय? मग दिवसभर 'अजिबात जेवत नाही हो' म्हणत आपण घास घेऊन मागे मागे. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर त्यातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. या वयाला दिवसाकाठी अर्धा लिटरच्या आसपास दूध पुरे. त्याच्या बरंच वर गेलं की ॲनिमियाला आमंत्रण. बाळ दिसायला गुटगुटीत असतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकादमी तर १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान बाटलीच सोडवा म्हणते, नुसती रात्रीची नव्हे. कोणाचं वेगळं मत?

सावकाश_चालू_द्या

आहे, बरंच वेगळं आहे.

पहिला वाढदिवस झाला म्हणजे काल रात्रीपर्यंतची गरज आज सवय झाली, असं होतं का? वर्षाच्या सुमारास बाळ चालायला लागतं, आई दिसेनाशी झाली की घाबरतं, दाढा यायच्या बेतात असतात. नेमक्या त्याच वेळी रात्रीचा आधार काढून घ्यायचा? दिवसभर आई-बाबा कामावर, रात्री जवळ घेणं मिळतं तेवढंच. त्यात हे आठवड्याचं वेळापत्रक!

रडून रडून गप्प झालेलं बाळ शांत झालेलं असतंच असं नाही. रडू देऊन एकटं झोपायची सवय लावलेल्या न्यूझीलंडमधल्या बाळांवरचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिसऱ्या रात्री बाळं रडायची थांबली होती, पण लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, खाली आलेलं नव्हतं. हे वाचल्यापासून 'दोन दिवस रडेल, मग सवय होईल' हा सल्ला मला ऐकवत नाही.

मध्यरात्रपाळी

@सावकाश, रडत ठेवा असं मी कुठे लिहिलंय? बाटली बंद म्हणजे आई बंद नव्हे. जवळ बसा, थोपटा, उचलून घ्या. फक्त दूध नको.

तो अभ्यास मलाही माहीत आहे. २५ बाळं, तीही ४ ते १० महिन्यांची, आणि तुलनेला दुसरा गट नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातला दुसरा अभ्यास आला. सात महिन्यांच्या वयात झोपेची तक्रार असलेली ३२६ मुलं, त्यातल्या निम्म्यांच्या आयांना झोपेची सवय लावायच्या पद्धती शिकवल्या, आणि मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यातल्या २२५ जणांना पुन्हा तपासलं. वागणूक, झोप, आईशी नातं, कशातच दोन गटांत फरक सापडला नाही. फायदा टिकला नाही हेही खरं, पण नुकसानही झालेलं नव्हतं.

सावकाश_चालू_द्या

फायदा टिकला नाही हे तुम्हीच लिहिलंत, माझं काम झालं. :)

दातांची_डॉक्टर

दोघींचं भांडण भूक आणि मायेवर चाललंय. मी माझ्या टेबलावरून बोलते.

झोपेत लाळ खूप कमी होते. जागेपणी तोंडातलं दूध लाळेने धुऊन जातं, झोपेत ते दातांभोवती साचून राहतं. जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात आणि ते दाताच्या वरच्या कवचाला खातं. वरचे पुढचे चार दात आधी जातात. खालच्यांवर जीभ असते म्हणून ते बऱ्याचदा वाचतात. दूधात साखर घातली नाही म्हणजे निर्धास्त, असं नाही. दुधाची स्वतःची साखर असतेच.

आज घरी एवढंच करा: बाळाला मांडीवर आडवं घ्या, वरचा ओठ अंगठ्याने उचला आणि उजेडात बघा. हिरडीला लागून दातावर खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर फ्लोराइडने आणि सवय बदलून ती थांबवता येते. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की थांबवण्याचा विषय संपतो. एवढ्या लहान मुलाला भूल देऊन दात काढावे लागतात तेव्हा आई-बाबांचे चेहरे बघवत नाहीत. 'दुधाचेच दात, पडणारच आहेत' असं मला कोणी म्हणू नका, चिडचिड होते. ते पडायला अजून पाच-सहा वर्षं असतात.

तेव्हा शेवटचं दूध, मग तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून ब्रश, मग झोप. हा क्रम उलटा नको.

(आडवं झोपवून बाटली दिली की कानही फुटायची शक्यता वाढते. कान-घशाला जोडणारी नळी या वयात आखूड आणि जवळजवळ आडवी असते.)

अंगावर_पाजणारी

आणि आमचं काय? जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि पुढेही अंगावर पाजा म्हणते, इथे सगळं एकाच मापाने मोजताय.

दातांची_डॉक्टर

माप एक नाही. पहिल्या वर्षात अंगावरचं दूध दातांना उलट फायद्याचंच दिसतं. वर्षानंतर रात्रभर वारंवार पाजलं तर किडीचा धोका वाढतो, असे अभ्यास आहेत. पाजणं थांबवा असं मी म्हणणार नाही. दात घासा आणि मला सहा महिन्यांनी दाखवा.

थोडं_थोडं_कमी

एका बाबाचं मत. एका झटक्यात बंद करणं मलाही पटत नाही, पण म्हणून चालू ठेवणंही नाही. दर दोन रात्रींनी बाटलीत ३० मिली कमी भरायचं. १८० वरून ६० पर्यंत बाळाच्या लक्षातही येत नाही. ६० नंतर बाटली बंद, नुसतं थोपटणं. खरी किरकिर तिथे होते, आधी नाही. रात्रीचं दूध कमी झालं की सकाळचं खाणं आपोआप वाढतं, हे आपल्याला दिसतं आणि धीर येतो.

दुसरं, त्या रात्री बाबाने उठावं. आई उठली की बाळाला दुधाची आठवण होते. हे लिहिल्यावर किती बाबा हा धागा बंद करतील ते बघायचंय.

आणि सर्दी-ताप, घर बदलणं, नवं भावंड, यातलं काही चालू असेल तेव्हा सुरू करू नका.

पाणी_भरा

एवढं मोजमाप कशाला? बाटलीत पाणी भरा. पाण्यासाठी कोण उठतंय?

थोडं_थोडं_कमी

आमचं उठायचं. दूध सुटलं, बाटली राहिली. दात वाचले एवढंच, झोप कोणाचीच झाली नाही.

पाणी_भरा

दात वाचले ना? मग अर्धं काम झालं की. सगळं एकदम करायचा अट्टहास सोडा.

सकाळी_आठची_पाळी

सगळं वाचलं. पटतंयही. पण कोणी हे लिहित नाहीये की रात्री तीनला बाटली दिली की बाळ पाच मिनिटांत झोपतं, आणि नाही दिली की दीड तास. मी सकाळी आठला कामावर हजर असते. घरात दुसरं मोठं माणूस नाही, बाबाने उठावं वगैरे माझ्यासाठी नाहीच. ती बाटली बाळाच्या भुकेसाठी नाही हे मला चांगलं माहीत आहे. ती माझ्या झोपेसाठी आहे. यावर 'ठरवून बंद करा' हे उत्तर होत नाही.

सावकाश_चालू_द्या

+१००

मध्यरात्रपाळी

@सकाळी_आठची_पाळी, तुमचं खरं आहे, माझ्या आठवड्याच्या हिशोबात एकटी आई धरलेली नव्हती. तुम्ही मधली तीनची बाटली आत्ता सोडून द्या. आधी झोपतानाची बाटली हलवा. दिवा चालू असताना, दुसऱ्या खोलीत, बसवून, पेल्यातून दूध द्या, मग ब्रश, मग अंथरूण. संध्याकाळी सातला तुमच्यात जेवढी शक्ती असते तेवढी तीनला नसते. दुधाशिवाय झोप लागायला शिकलं की तीनची जाग पुष्कळदा हळूहळू कमी होते. नाही झाली तर सलग सुट्टी मिळेल तेव्हा मिली कमी करायला घ्या.

बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा वजन रेंगाळत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, माझं मत तिथे लागू नाही.

सावकाश_चालू_द्या

पेला, ब्रश आणि दिवा मान्य. आठवडा अजूनही अमान्य.