आजारी घोड्यांची निपाह-हेंड्रा चाचणी मुंबईत सक्तीची असावी का?

धागाकर्ता, भायखळा: तीव्र ताप, धाप आणि तोल जाणे ही लक्षणे एकत्र दिसणाऱ्या प्रत्येक घोड्याचे नमुने निपाह आणि हेंड्रा विषाणूंसाठी तपासणे सक्तीचे असावे, असे माझे मत आहे. १९९४ साली ब्रिस्बेनच्या हेंड्रा उपनगरात शर्यतीचे घोडे पटापट मेले, पाठोपाठ त्यांचा प्रशिक्षकही दगावला आणि विषाणूची ओळख त्यानंतर पटली. वटवाघळांत वावरणारा हा विषाणू निपाहचा सख्खा भाऊबंद आहे. आणि २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणा, सापडल्या आहेत.

प्रतिसाद, परळ: सक्तीला माझा विरोध आहे. घोड्यातला हेंड्रा ऑस्ट्रेलियाबाहेर आजवर आढळलेला नाही. आपल्याकडे तोल जाणाऱ्या घोड्याच्या बाबतीत आधी रेबीजची शंका घ्यावी लागते, ज्याचे खात्रीलायक निदान मेल्यानंतर मेंदूच्या नमुन्यावरूनच होते. शिवाय जपानी मेंदूज्वर आहेच. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेकडे सरसकट नमुन्यांचा ढीग लावला, तर खरोखर संशयास्पद नमुना त्यात अडकून पडेल. खर्च मालकावर टाकलात, तर मालक घोडा आजारी असल्याचे सांगणारच नाही.

धागाकर्ता: खर्च शासनानेच करावा, हे मान्य. परंतु हेंड्राची लागण झालेल्या सात माणसांपैकी चार दगावली आणि त्यांत दोन पशुवैद्य होते, हे विसरता येत नाही. आजार दुर्मीळ असला म्हणून घोड्याच्या नाकात नळी घालणाऱ्याचा धोका कमी होत नाही.

प्रतिसाद, परळ: तो धोका चाचणीने टळत नाही, कारण नमुना घेण्यासाठीच त्या घोड्याजवळ जावे लागते! क्वीन्सलँडमध्ये २०१५ साली मेलेल्या एका घोड्यात हेंड्राचा वेगळा प्रकार होता. नेहमीच्या पीसीआरने तो निसटला आणि जपून ठेवलेल्या नमुन्यांतून २०२१ मध्ये उघड झाला. अहवाल नकारात्मक आला म्हणून मोतद्दाराने हातमोजे उतरवले, तर सक्तीने अपायच होईल. त्यापेक्षा असा घोडा तबेल्यात वेगळा बांधणे, त्याच्याजवळ जाणाऱ्याला मुखपट्टी आणि चष्मा देणे, आणि दोन घोडे एकाच वेळी आजारी पडले किंवा सांभाळणाऱ्याला ताप आला तरच नमुने पाठवणे मला योग्य वाटते.

धागाकर्ता: घोडा वेगळा बांधण्याबद्दल वाद नाही. मात्र माणसाला ताप येईपर्यंत थांबण्याची अट मला मान्य नाही. १९९४ साली नेमके तेच घडले होते.