छापखान्याचे जुने खिळे वितळवून कोल्टच्या गोळ्या होतील का?

गिरगावकर_चाळ:
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका. माझा भाचा ओहायोत असतो, त्याने तिथे कोल्ट १८५१ नेव्ही या जुन्या रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली नक्कल घेतलीय. काडतूसवाली नाही हां, सिलिंडरच्या प्रत्येक चेंबरमध्ये काळी दारू ओता, वरून शिशाची गोळी दाबून बसवा, मागे ठिणगी पाडणारी टोपी लावा, असली जुन्या पद्धतीची. गोळ्या तो गॅरेजमध्ये स्वतःच ओततो आणि चांगलं शिसं मिळत नाही म्हणून सारखा कुरकुरत असतो. इकडे आमच्या काकांचं फणसवाडीत छपाईचं ट्रेडल मशीन (पायाने चालवायचं) होतं, ते बंद पडून जमाना झाला पण ऑइलपेंटचे दोन डबे भरून खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, अजून माळ्यावर आहेत. दिवाळीनंतर मी जातोच आहे त्याच्याकडे, तर थोडे घेऊन जाऊ का? शिसं ते शिसंच ना शेवटी?

खिळेजुळवणी:
नाही हो, तिथेच तर गोम आहे. खिळ्यात शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील असतं. नुसत्या शिशाचा खिळा मशीनखाली एका दिवसात चेपून अक्षराचा लगदा होईल, म्हणून अँटिमनीने कडक करतात, शिवाय थिजताना धातू फारसा आकसत नाही त्यामुळे वेलांटीचं टोकसुद्धा साच्यातून स्वच्छ उतरतं. आमच्या घरात दोन पिढ्या टाइप फाउंड्रीत गेल्या, वडील नखाने ओरखडून सांगायचे माल कसला आहे ते. शुद्ध शिशावर नख उमटतं, खिळ्यावर सरकतं. वितळायलाही फरक आहे, शुद्ध शिशाला ३२७ डिग्री लागतात, लायनोचा (ओळीच्या ओळी ओतणाऱ्या छपाई यंत्राचा) धातू साधारण २४० लाच पाणी होतो. तुमच्या भाच्याला नरम माल हवा असणार, खिळे नाही. आणि कृपा करून ते वितळवू नका, खाली लिहितो.

धूर_आणि_गंधक:
वरच्या काकांशी शंभर टक्के सहमत. मी पाच-सहा वर्षं पेनसिल्वेनियात होतो, तिथल्या नेमबाजीच्या क्लबात हेच करायचो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. नेव्ही .३६ ची म्हणतात पण गोळी घेतात .३७५ इंचाची, म्हणजे मुद्दाम चेंबरच्या तोंडापेक्षा किंचित मोठी. नळीखालचा दांडा खाली खेचला की गोळी आत दाबली जाते आणि कडेने शिशाची एक बारीक चकचकीत रिंग तासून बाहेर पडते, चारी बाजूंनी सलग. ती रिंग बघायचीच. सलग असेल तर गोळी चेंबरच्या भिंतीला घट्ट बसलीय, मागच्या गोळीच्या झटक्याने ती पुढे सरकणार नाही आणि शेजारच्या चेंबरची ठिणगी आत शिरायला वाट नाही. रिंग अर्धवटच आली तर समजा गोळी लहान आहे किंवा साचा नीट मिटला नव्हता. काही जण वरून चरबी-मेणाचं मिश्रण फासतात, त्याने दारूची काजळीही मऊ राहते. टोप्या सैल असल्या तर आग मागूनही पसरते असं बरेच जण मानतात, म्हणून त्याही घट्ट बसणाऱ्या घ्याव्या.

आता हेच खिळ्याच्या धातूने केलं तर काय होईल? एक तर गोळी तासली जाणार नाही, दांड्यावर लटकावं लागेल आणि त्याची खीळ नाहीतर स्क्रू वाकेल. वर तो धातू कमी आकसतो म्हणजे त्याच साच्यातून गोळी केसभर मोठी निघते, आधीच कडक त्यात मोठी, बोंबला. भाच्याला सांगा, तिकडे गाडीच्या चाकाचा तोल साधायला चिकटवायची वजनं असतात, त्यातली शिशाची मिळाली तर ती जवळजवळ शुद्ध असतात, क्लिपवाली मात्र कडक. जुन्या छपरांचं शिसंही उत्तम. बॅटरीतल्या शिशाला हात लावू नको म्हणावं, त्यातून विषारी वायू निघू शकतो.

ओतताना गोळीवर सुरकुत्या आल्या तर साचा थंड आहे, बाहेरून पांढुरकी दिसली तर जास्त तापलाय. ओतलेल्या जागी शेंडा कापून जो चपटा भाग राहतो तो भरताना वर ठेवायचा, नळीकडे. भांड्याजवळ पाण्याचा थेंबही नको, वितळलेल्या शिशात गेला तर क्षणात वाफ होऊन सगळं तोंडावर उडतं. हात धुतल्याशिवाय खायचं नाही, शिशाची खरी भीती वितळताना वर जमणाऱ्या मळीच्या भुकटीची असते. दारूचं माप बंदुकीच्या पुस्तिकेतलंच, आणि आधुनिक बिनधुराची पावडर कधीच नाही, चिमूटभरसुद्धा, सिलिंडर फुटतो.

ठाणे_वकील:
वाचणाऱ्या बाकी मंडळींसाठी, हे इथे मुंबईत घरी करायला जाऊ नका. अमेरिकेत १८९८ पर्यंतच्या बंदुका आणि अशा बऱ्याचशा नकला केंद्रीय कायद्यात फायरआर्ममध्ये मोडत नाहीत, राज्याराज्यांचे नियम वेगळे. आपल्याकडे १९५९ चा आर्म्स ॲक्ट आहे, दारूगोळा बनवायला परवाना लागतो आणि व्याख्येत तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. चोरबाजारात गोळ्यांचा साचा दिसला म्हणून उचलून आणला असं करू नका. आणि काका, किलोकिलोने शिसं बॅगेत घेऊन निघालात तर एक्सरेत काळा ठोकळा दिसेल, मग सहारला बसा बॅग उपसत.

खिळेजुळवणी:
हां तर मघाचं राहिलं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला तेव्हा तुमच्या भाच्याची ही नेव्ही कारखान्यात बनत होती, १८७३ पर्यंत बनली. बंदुकीच्या नकला आजही इटलीत निघतात, पण मराठी खिळे आता कोण ओततंय? जोडाक्षरांचे, रफाराचे खिळे असले तर ते भंगारात घालायची वस्तू नाही. आकार किती पॉइंट आहे? केस (खिळे ठेवायचे खणांचे ट्रे) आहेत की नुसते डब्यात ओतलेले?

गिरगावकर_चाळ:
बाप रे, बरं झालं विचारलं. भाच्याला चाकाच्या वजनांचं कळवलं, रिंग त्याची अर्धीच येते म्हणाला, साचा बघतोय आता. खिळे बहुतेक १२ पॉइंट, केस नाहीत, सगळी खिचडी आहे. पण वर काढून बघितले तर ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ अगदी कोरे, शाईसुद्धा लागलेली नाही.

खिळेजुळवणी:
मी घेतो. भंगारवाल्यापेक्षा जास्त देईन. रविवारी येऊ का?

गिरगावकर_चाळ:
या की, पण दुसरा माणूस बरोबर आणा, चौथा मजला आहे, लिफ्ट नाही आणि एक डबा एकट्याने हलत पण नाही.