शुगर + पायाच्या आर्टरीत ब्लॉकेज, चायनीज काढा द्यावा का?

मृण्मयी_के:
बाबा ६८ वर्षांचे, शुगर जुनी. थोडं चाललं की पोटरी भरून येते, डॉपलर केला तर पायाच्या आर्टरीत ब्लॉकेज निघालं. भाऊ ग्वांगझौला नोकरीला आहे, तो म्हणतो तिथे सिमिआओ योंगआन नावाचा काढा देतात, ट्रायलपण झाल्यात, येताना पुड्या आणतो. बाबांना क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू आहे. ट्रायल झाल्यात म्हणजे चालेल ना?

चंद्रकोर:
त्यात हनीसकलची फुलं, श्युआनशन आणि दांगग्वी या चिनी वनस्पती आणि ज्येष्ठमध असतं, गँगरीनसाठीचाच जुना काढा आहे. पण ट्रायल कशा झाल्या ते बघा. बऱ्याचशा छोट्या, एका गटाला नेहमीच्या गोळ्या, दुसऱ्याला त्याच गोळ्या अधिक काढा, आणि कोण काय पितंय ते सगळ्यांना ठाऊक, मग बरं वाटतंय असं म्हणणारच की माणूस! कोण काय पितंय ते कळू नये म्हणून तसाच काळा कडू नकली काढा द्यायला हवा, पण तो बनवणं अवघड जातं म्हणून हल्ली ग्रॅन्युल्स नाहीतर कॅप्सूल वापरतात. तिकडे नीट मोठ्या ट्रायल होतच नाहीत असं नाही हां, तोंगशिनलुओ कॅप्सूल ३७०० च्या वर हार्ट अटॅक पेशंटवर प्लासिबोसमोर (नकली कॅप्सूलसमोर) तपासली, २०२३ ला जामा या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. पण ते हार्टचं, पायाचं नाही.

पांढरा_कोट:
अजून एक गोम आहे. एबीआय (घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी) ०.९ च्या खाली म्हणजे आजार, पण डायबेटिसमध्ये घोट्याजवळची आर्टरी कॅल्शियमने कडक होते, बीपीच्या पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा १.४ च्या वर जातो. त्यामुळे काढ्याने नुसता एबीआय वाढला असं कोणी दाखवलं तर मी तरी मानणार नाही. पायाच्या अंगठ्याचं बीपी, ट्रेडमिलवर किती मीटर चालले, जखम भरली का, पाय कापायची वेळ आली का, हे विचारायचं. ज्येष्ठमधाने बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. आणि पुडीत नक्की काय आहे? ९० च्या दशकात ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या चायनीज औषधात भलतीच वनस्पती गेली आणि कित्येकींच्या किडन्या गेल्या.

बाणेदार:
हेच नियम आपल्या काढ्यांनापण लावा की मग 😀

पांढरा_कोट:
लावाच. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, परत चालायचं, आठवड्यातून ३ वेळा, देखरेखीखाली १२ आठवडे, याच्या ट्रायल भक्कम आहेत पण फुकटचं म्हणून कोणी करत नाही.

मृण्मयी_के:
भावाला विचारलं, पुडीवर घटकांची यादीच नाहीये म्हणे, नको म्हटलं. चालायचं उद्यापासून सुरू करते, फक्त टाचेला छोटी जखम आहे त्यावर पट्टी लावून बूट घालू दे ना?

पांढरा_कोट:
अहो ताई जखम आहे हे आधी सांगायचं ना! चालणं अजिबात नको, उद्या सकाळीच व्हॅस्क्युलर सर्जनला दाखवा.